लिंबोणीची अनामत

घर सोडून जाणाऱ्या माणसांची भांडणं ग्लेनिस टलीच्या टेबलावर येत, आणि बहुतेक वेळा ती ओव्हनवरून असत. मालक म्हणे, ओव्हन चिकट आहे. भाडेकरू म्हणे, मी घासघासून बोटं सोलवटली. मग गालिच्यावरचा डाग, भिंतीतला खिळा, खिडकीच्या चौकटीवरची बुरशी. दूर दक्षिण गोलार्धातल्या होबार्टमध्ये जून-जुलैच्या हिवाळ्यात काचा रडतात आणि चौकटी काळ्या पडतात, तो गुन्हा भाडेकरूचा की हवेचा, यावर कागदांची चळत वाढत जाई.

इथे भाडेकरूचं डिपॉझिट मालकाच्या खिशात जात नाही, सरकारी कचेरीत अनामत राहतं. घर सोडल्यावर दोघांनी अर्ज करायचे. अर्ज जुळले की पैसे सुटतात. नाही जुळले, तर खालची माणसं समजूत घालून बघतात, आणि तरी गाठ सुटली नाही तर ती ग्लेनिसकडे येते. ती तिथली वरिष्ठ सल्लागार. दोन्ही बाजू वाचायची, फोन करायची, शेवटी सल्ला लिहायची, आणि तिच्या सल्ल्याखाली आयुक्त सही करत. सही त्यांची असली तरी डोळे ग्लेनिसचे असतात, हे कचेरीत सगळ्यांना ठाऊक होतं.

ती या कामाला का आली, हे मात्र फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. ती लहान होती तेव्हा डिपॉझिट मालकाच्याच मुठीत असे. आई घर सोडायच्या आदल्या दिवशी चुलीपासून मोरीपर्यंत सगळं घासून काढी, आणि मग ग्लेनिसचा हात धरून मालकाच्या दारात उभी राही. मालक भिंतीवरच्या कुठल्यातरी ठिपक्याकडे बोट दाखवी. आई म्हणे, "बरं." तेवढंच. परतीच्या वाटेवर आईच्या हाताला सोड्याचा वास येई, आणि तो वास ग्लेनिसच्या हाताला लागून घरी येई. त्या कुठल्याशा नव्या, रिकाम्या घरी.

नोव्हेंबरातल्या एका सोमवारी तंट्यांच्या टेबलावरचा फर्गस कागद घेऊन आला. पोरगा चेष्टेखोर होता, पण त्या दिवशी त्याचा चेहरा खरंच गोंधळलेला होता.

"ग्लेनिस, जरा बघ. मशीन बिघडलंय की माणसं, तेच कळेना."

"ओव्हन?"

"ओव्हन चकचकीत आहे. मालक म्हणतो, सगळं डिपॉझिट भाडेकरूला द्या. भाडेकरू म्हणते, सगळं मालकाला द्या."

"मग भांडण कसलं?"

"तेच तर! अर्ज जुळले नाहीत की मशीन 'तंटा' म्हणून शिक्का मारतं. कोण ओढतंय आणि कोण ढकलतंय, ते त्याला काय कळणार? मी दोघांना फोन केले. दोघांनीही मला झापलं."

ग्लेनिस हसली. तिने कागद हातात घेतले. मालक लेफ्टेरिस वामवाकास, मूनाह. पूर्वी फळांचं दुकान होतं. भाडेकरू केरिन ड्वायर, वृद्धाश्रमात सेविका. अर्जावर कारण लिहायच्या जागी म्हाताऱ्याने लिहिलं होतं, 'ती चांगली आहे.' केरिनने लिहिलं होतं, 'त्यांचं झाड मेलं.'

"आणि हे बघ," फर्गस आवाज खाली आणून म्हणाला. त्याने पडद्यावर दुसरी नोंद उघडली. खाली दक्षिणेला, गीव्हस्टनला, केरिन ड्वायरच्याच नावाने एक नवं घर ठरत होतं. जुनी अनामत सुटली की तीच इकडे वळवावी, असं तिनेच महिन्याच्या सुरुवातीला लिहून दिलं होतं. मुदत शुक्रवार. नंतर हा दुसरा अर्ज, सगळं मालकाला द्या म्हणणारा.

"म्हणजे हे पैसे तिने सोडले तर ते घर गेलं," फर्गस म्हणाला.

"गेलंच. सुनावणीला पाठवलं तरी गेलं. सुनावणी नाताळानंतर लागेल."

"मग म्हाताऱ्याला सांगू या का? तो पळत येऊन तिच्या हातात पैसे कोंबेल."

"नाही सांगायचं," ग्लेनिस म्हणाली. "एका घराची गोष्ट दुसऱ्या घराच्या मालकाला सांगायची नाही. तो नियम मीच लिहिलाय."

फर्गसने खांदे उडवले. "मग आता तूच निस्तर तुझा नियम."

*

फोन बराच वेळ वाजला. मग पलीकडून जाड, घोगरा आवाज आला. "कोण? सरकार?"

"ग्लेनिस टली बोलतेय, अनामत कचेरीतून."

"म्हणजे सरकारच. बाई, मी तुमच्या त्या मुलाला सांगितलं. मला एक पैसा नको. ओव्हन तिने इतका घासलाय की त्यात माझं तोंड दिसतं, आणि ते काही बरं दिसत नाही. तिला सांगा, लेफ्टी रागावलाय." जरा थांबून तो म्हणाला, "नको, रागावलाय नका सांगू, ती रडेल. सांगा, लेफ्टी दोन दिवस जेवला नाहीये."

"खरंच जेवला नाहीत?"

"जेवलोय हो! पण सांगा तरी."

मग तो आपणहून बोलत गेला, जसा नळ सोडून माणूस बाजूला होतो आणि पाणी वाहत राहतं. ते घर त्याचं आणि बायकोचं, अँथूलाचं. गुडघे थकल्यावर दोघं पलीकडच्या गल्लीतल्या छोट्या घरात गेले आणि हे केरिनला दिलं. अँथूला आजारी पडली तेव्हा केरिन दिवसभर परक्या म्हाताऱ्यांना न्हाऊ घालून यायची आणि संध्याकाळी अँथूलाला. तिला खुर्चीत बसवून लिंबोणीखाली आणायची, तिथेच गरम पाण्याने तिचे केस धुवायची.

"माझी बायको शेवटी केस विंचरून गेली, बाई. नीट भांग पाडून. सांगा, याचं डिपॉझिट कुठल्या कचेरीत भरतात?"

ग्लेनिसने समोरच्या अर्जावरची केरिनची ओळ पुन्हा वाचली.

"आणि झाडाचं काय झालं?" तिने विचारलं.

पलीकडे खुर्ची करकरली. मग म्हातारा म्हणाला, "थंडीत करपलं म्हणाली पोर. मी गेलो नाही बघायला. एप्रिलमध्ये अँथूला गेली, तेव्हापासून मी त्या अंगणात पाय ठेवला नाही. मी म्हटलं, बरं."

बरं. ग्लेनिसने पेन खाली ठेवलं. एका माणसाच्या 'बरं' मागे किती दारं बंद असतात, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

*

केरिनचा फोन जेवणाच्या सुट्टीत लागला. मागे कपबश्यांचा आवाज आणि कोणीतरी म्हातारी बाई पुन्हापुन्हा 'बस आली का' विचारत होती.

"बस येईल हं, डोरीन, आधी चहा घे," केरिन तिला म्हणाली, आणि मग फोनमध्ये, "तुम्ही मला पैसे घ्यायला लावायला फोन केलाय ना? सरकारला दुसरे उद्योग नाहीत?"

"आहेत. सगळे ओव्हनचे. म्हणून हा बरा वाटला. मिस्टर वामवाकास म्हणतात, दोन दिवस जेवले नाहीत."

"थापाड्या! काल शेजारणीने त्याला पास्ताचं अख्खं भांडं दिलंय, मला माहीत आहे." ती हसली, आणि हसता हसताच आवाज ओला झाला. "मी मारलं ते झाड. दुसऱ्या कोणी नाही."

हिवाळ्यात रात्री आभाळ निरभ्र असलं की दंव गोठतं, म्हणून तेव्हा ती लिंबोणीवर चादर घालायची. अँथूलाचीच जुनी चादर, बारीक निळ्या फुलांची. जुलैत एके दिवशी जोडीची सेविका आजारी पडली, केरिनला दुहेरी पाळी करावी लागली. चादर वाळत घातली होती, ती दोरीवरच राहिली. सकाळी घरी आली तर डोंगरापासून नदीपर्यंत सगळं पांढरं. झाडाची पानं उकळत्या पाण्यातून काढल्यासारखी लोंबत होती.

"मग वसंतात बुंध्याशी कोंब फुटले. मी नाचले, खरं सांगते. माझी लेक टिली आणि मी, दोघी नाचलो. मग रोपवाटिकेतला माणूस म्हणाला, ताई, वरचं गेलं आणि खालून फुटलं, तर ते लिंबू नसतं. कलमाच्या खालचं ते जंगली, काट्यांचं, त्याला फळही कडू. दिसेल तसं उपटत जा, म्हणजे वरच्याला ताकद मिळेल. मी दर रविवारी उपटत गेले. वर काही आलं नाही. लेफ्टीला सांगितलं तर म्हणाला, बरं. ओरडला असता तर चाललं असतं हो."

"केरिन," ग्लेनिस म्हणाली, "दंव पडलं हा भाडेकरूचा दोष नाही. मी एका ओळीत लिहून देऊ शकते."

"लिहा की. माझ्या मनाला ती ओळ दाखवा मग."

"गीव्हस्टनच्या घराची मुदत शुक्रवारी संपते."

केरिन फोन घेऊन बाहेर आली, कपबश्यांचा आवाज मागे राहिला.

"हो, तुम्हाला कळणारच," केरिन हळूच म्हणाली. "टिलीला शाळा बघून ठेवलीये तिथली. नवी नोकरीही चालत जाण्यासारखी. पण बहिणीच्या आवारात कॅरॅव्हॅन आहे, चाकांवरची खोली, राहू तिथे. आता उन्हाळाच येतोय."

"उन्हाळ्यानंतर हिवाळा येतो."

"लेफ्टीला सांगायचं नाही! कळलं तर तो स्वतःसाठी घेऊन ठेवलेली कबरीची जागा विकेल."

"मला सांगताच येत नाही," ग्लेनिस म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिला आपल्या नियमाचा राग आला.

फोन ठेवून ती खिडकीशी गेली. डोंगराच्या माथ्यावर ढग टेकला होता. इतकी वर्षं तिने माणसांच्या मुठी सोडवल्या होत्या. जो जास्त घेऊ बघतो त्याचा हात धरायची सोय कायद्यात होती. जो देतच सुटला आहे, त्याचा हात धरायची नव्हती. म्हातारा म्हणतो, तुझं ऋण माझ्यावर. पोर म्हणते, तुमचं ऋण माझ्यावर. मध्ये एक करपलेलं झाड, आणि ते झाड बघायला धजेना असा त्याचा धनी.

"फर्गस, गुरुवारी दुपारी मी मूनाहला जातेय. दोघांना तिथे बोलवतेय."

"आपण फोनवर मिटवतो ना?"

"झाड फोनवर येत नाही."

*

अंगण तसं साधंच होतं. फळ्यांचं कुंपण, मधोमध कपडे वाळत घालायचा फिरता खांब, कडेला पुदिना माजलेला. आणि कोपऱ्यात ती लिंबोणी. काळ्या, वाळक्या फांद्या आभाळाकडे उगारलेल्या.

केरिन आधीच येऊन उभी होती, आश्रमाच्या निळ्या सदऱ्यात. हात खिशात, खांदे कानांपर्यंत. जरा वेळाने फाटकाशी लेफ्टेरिस आला. त्याने टाय बांधला होता. एका हातात काठी, दुसऱ्या हातात प्लास्टिकची पिशवी. फाटकात तो थांबला आणि पुढे येईना.

"लेफ्टी," केरिन म्हणाली, "नको बघूस. तिथूनच सही कर आणि जा."

"तू मला माझ्या अंगणातून हाकलतेस?"

"तुझं अंगण आहे तर आत ये की मग, म्हाताऱ्या."

तो आला. एकेक पाऊल टाकत, जसं देवळात शिरावं. वाळत घालायच्या खांबाला हात लावला, अँथूलाची खुर्ची असायची ती जागा वळसा घालून ओलांडली. झाडासमोर उभा राहून त्याने टोपी काढली. ग्लेनिस मागे सरकली. ही त्या तिघांची भेट होती, आणि तिसरी तिथे नव्हती.

बराच वेळ तो वर बघत राहिला. मग खाली बघितलं. केरिनच्या खांद्यावर भार टाकून तो गुडघ्यावर बसला. बुंध्याला लागून, मातीतून, बोटभर उंचीचे दोन कोंब वर आले होते. कोवळे, चकचकीत, नुकतंच दूध प्यायल्यासारखे.

"हे परत आले वाटतं," केरिन वाकत म्हणाली. "मी काढते—"

लेफ्टेरिसने तिच्या हातावर चापट मारली. जोरात.

"आई गं! अरे, ते जंगली आहे, लेफ्टी! कलमाच्या खालून आलंय!"

"कुठलं कलम?"

"झाडाला असतं ते! रोपवाटिकेतला माणूस म्हणाला—"

"त्या माणसाचं तोंड करपू दे! दाखव मला कलम. दाखव!" त्याने तिचं बोट धरलं आणि बुंध्यावरून मातीपर्यंत खाली नेलं. "लागली गाठ? कुठे जोड लागला? नाही ना? लागणार कसा? ही बाजारातून आलीच नाही."

मग तिथेच, गुडघ्यावर बसल्या बसल्या, त्याने सांगितलं. अँथूला आणि तो या शहरात नवे आले तेव्हा मिसेस पर्डीकडे एका खोलीत भाड्याने राहिले. बोलता दोघांनाही येत नव्हतं, फक्त मान हलवायचे. खोली सोडायचा दिवस आला तेव्हा अँथूला रडत होती, कारण सगळ्यांनी सांगितलं होतं की डिपॉझिट काही परत मिळत नाही. मिसेस पर्डीने ते पाकिटात घालून हातात ठेवलं. आणि परसातल्या लिंबोणीची एक डहाळी मोडून दिली. म्हणाली, दोन्ही एकदम न्यायचं. एक घेऊन दुसरं ठेवायचं नाही माझ्याकडे.

"अँथूलाने डहाळी मुरंब्याच्या बरणीत पाण्यात ठेवली. खिडकीत. मी म्हटलं, वेडी आहेस, काडी कधी जगते का? तिला मुळं फुटली. मग कुंडी, मग हे अंगण. ही दुसऱ्या कोणाच्या पायावर उभी नाही, पोरी. शेंड्यापासून मुळापर्यंत ही एकच बाई आहे. मातीतून जे येईल ते हीच."

त्याने कोंबाचं एक पान अलगद तोडलं. "हे बघ. जंगलीच्या पानाला तीन बोटं असतात. याला एकच आहे." चुरगाळून त्याने ते केरिनच्या नाकाशी धरलं.

केरिनने श्वास घेतला आणि तोंडावर हात दाबला. लिंबू. गरम पाणी, ओले केस, उन्हातली खुर्ची, सगळं त्या वासात होतं.

"मी किती उपटले, लेफ्टी," ती कशीबशी म्हणाली. "दर रविवारी. तिचेच उपटत होते मी."

"ती पण उपटायची. म्हणायची, पुष्कळ झाले की एकही मोठा होत नाही. तू तिचंच काम केलंस. फक्त रडत केलंस, ती गात करायची."

"काय गायची?"

म्हाताऱ्याने टोपीकडे बघितलं. मग त्याने दोन ओळी म्हटल्या, आपल्या ग्रीक भाषेत आणि मग तिच्या:

"दूरदेशी रुजले बाई, परक्याच्या पाण्यावरी,
पान चुरगाळून बघा, वास माहेराचा घरी."

कुंपणापलीकडे कोणीतरी गवत कापायचं यंत्र बंद केलं. ग्लेनिसच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तिने ते येऊ दिलं.

"मी त्यातला एक कोंब नेऊ?" केरिनने विचारलं. "एकच. दुसरा तुझ्यासाठी राहील."

लेफ्टेरिसने काठी टेकली आणि उठून उभा राहिला. आता त्याच्या चेहऱ्यावर फळवाल्याची लबाडी आली होती, गिऱ्हाईक दारातून परत फिरल्यावर यायची तशी.

"डहाळी हवी? मग सही कर."

"लेफ्टी!"

"मिसेस पर्डीचा कायदा आहे. दोन्ही एकदम. नुसती डहाळी द्यायची नाही. बाई, तुमच्या सरकारला चालेल ना हा कायदा?"

"आमच्यापेक्षा बरा आहे," ग्लेनिस म्हणाली, आणि अनामत केरिनला देण्याचा कागद पुढे केला.

केरिनने कागदाकडे बघितलं, मग कोंबाकडे. तिला हसू येत होतं आणि रडूही थांबत नव्हतं. "हे लबाडीचं आहे."

"दुकान चालवलंय मी. कर सही."

तिने केली. खांबाला कागद टेकवून, वारा कोपरा उडवत असताना. सही करून झाल्यावर मान वर न करता म्हणाली, "लेफ्टी, गीव्हस्टनला घर बघितलंय मी. खिडकीला ऊन येतं. बरणी ठेवायला जागा आहे."

"मग आधी का नाही बोललीस?"

"तू कबर विकली असतीस."

"विकली असती," म्हातारा म्हणाला. "घाई काय आहे मला तिथे जायची?"

निघताना त्याने पिशवी ग्लेनिससमोर धरली. घरी भाजलेली तिळाची ग्रीक बिस्किटं, कुलुराकी, अजून कोमट.

"आम्हाला काही घेता येत नाही हो, सरकारी माणसाला."

"मग सरकारला जरा बाहेर उभं करा, आणि तुम्ही खा."

*

शुक्रवारी सकाळी फर्गस तिच्या दारात आला. "गीव्हस्टनचं लागलं. अनामत जमा झाली, किल्ली आज मिळणार." मग डोळे बारीक करून म्हणाला, "आणि भेटवस्तूंच्या वहीत तू हे काय लिहिलंयस? 'एक कुलुराकी. खाल्ले. फार छान होते.'"

"नियम आहे. लिहावं लागतं."

"बाकी काही घेतलं नाहीस ना?"

ग्लेनिसने उजव्या हाताची मूठ सैल केली. तळहातावर एक चुरगाळलेलं, सुकत आलेलं पान होतं. निघताना केरिनने दिलेलं. त्याला कुठल्या रकान्यात घालायचं, ते तिला सुचत नव्हतं. तिला आईची आठवण येत होती. सोड्याने उललेला तो हात, आणि तो 'बरं'. आईच्या नशिबी मिसेस पर्डी आली नाही. पण कुठेतरी होती ती, त्याच शहरात, त्याच वर्षांत, डहाळी मोडून देत होती, एवढं कळलं तरी मन भरून आलं. आई, म्हणाली ती मनात, होती गं अशी पण माणसं. आपली गल्ली चुकली इतकंच.

"पान आहे," ती फर्गसला म्हणाली. "किंमत नाही."

"मग नको लिहूस," तो म्हणाला, आणि पुढची फाइल टेबलावर ठेवून गेला.

ती ओव्हनचीच होती. ग्लेनिसने ती डाव्या हाताने उघडली. उजव्याला अजून वास होता, तो तिला आज कागदाला लावायचा नव्हता.